गावातल्या युद्धस्मारकावर पुतळा कसला हवा? सॅल्यूट, रायफल, की आणखी काही?

कृष्णाकाठ
मंडळी, सल्ला हवाय. वाद घातलात तरी चालेल.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. घरटी एक माणूस फौजेत, असं आमच्याकडे म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. जुन्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. नाव एकाचंही नाही. त्यानंतर ६२, ६५, ७१, कारगिल आणि अलीकडची काश्मीरमधली पोरं. आता गावानं स्मारक बांधायचं ठरवलंय. एसटी स्टँडसमोर जागा मिळाली आहे, वर्गणीही बरी जमली आहे.

घोडं अडलंय पुतळ्यावर. एका कारखान्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग आला. फायबरचा जवान, तीन प्रकारांत: सॅल्यूट ठोकणारा, रायफल रोखलेला, झेंडा रोवणारा. रंग सोनेरी किंवा 'ब्राँझ फिनिश'. कमिटीतल्या ज्येष्ठांचं मत रायफलवाल्याला आहे. मला तिन्ही बघून काही म्हणजे काहीच वाटलं नाही. पेट्रोल पंपाच्या उद्घाटनालाही तोच पुतळा खपून जाईल.

तर प्रश्न असा की दगडाधातूतून त्याग दिसतो कसा? शौर्य दाखवलं की तो आपोआप दिसतो, की दुःख दाखवावं लागतं? तुम्ही कुठे असं स्मारक पाहिलंय का, ज्याच्यासमोर पाय थबकले?

चावडीवरचा
झेंडावाला घेऊ नका. दर निवडणुकीला झेंड्याचा रंग बदलायचा खर्च ग्रामपंचायतीला झेपणार नाही.

पेठेतला
चौथऱ्यावर 'सौजन्य' म्हणून कोणाचं नाव येणार ते आधी ठरवा. पुतळ्याचं नंतर बघू.

सिडनीची_सुमा
कृष्णाकाठ, आमच्या सिडनीत हाइड पार्कमध्ये अ‍ॅन्झॅक मेमोरियल आहे (अ‍ॅन्झॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज), १९३४ साली खुलं झालेलं. त्याच्या पोटात रेनर हॉफ या शिल्पकाराचं 'सॅक्रिफाइस' नावाचं ब्राँझ आहे. नावच 'त्याग', म्हणजे तुमच्या प्रश्नाला आयतं उत्तर.

एका ढालीवर तरुण सैनिक पडलाय, मेलेला. अंगावर चिंधी नाही. युनिफॉर्म नाही, पदकं नाहीत, त्यामुळे कुठल्या पलटणीचा, कुठल्या हुद्द्याचा काही कळत नाही. हात तलवारीवर आडवे पसरलेले. आणि ती ढाल डोक्या-खांद्यांवर तोलून धरलीय तीन बायकांनी: आई, बहीण, बायको. बायकोच्या कडेला मूल. जुन्या स्पार्टात आया मुलांना सांगायच्या म्हणे, ढाल घेऊन ये नाहीतर ढालीवरून ये. त्या गोष्टीवरून घेतलंय.

पण खरी गंमत जागेत आहे. शिल्प खालच्या मजल्यावर आहे आणि वरच्या दालनाच्या मधोमध मोठा गोल कठडा. आत शिरलात की तुम्ही कठड्यावर वाकून खाली बघता. म्हणजे मेलेल्या पोराला पाहायचं तर मान खाली घालावीच लागते. मंत्री असो की शाळेतलं पोर. 'कृपया आदर राखा' अशी पाटी लावावी लागत नाही. मग जिना उतरून खाली गेलात की तो पोरगा दिसेनासाच होतो, समोर येतात फक्त भार वाहणाऱ्या बायका. वरून त्याचा त्याग, खालून त्यांचा.

हॉफ स्वतः पहिल्या महायुद्धात होता, हेही सांगते.

चावडीवरचा
आमच्याकडे अंगावर कपडे नसलेला जवान उभा केला तर कमिटीलाच ढालीवरून यावं लागेल.

सिडनीची_सुमा
@चावडीवरचा, 😀 तिथेही झालंच की! बाहेरच्या बाजूला बसवायला हॉफनं आणखी एक शिल्प केलं होतं, त्यात क्रुसावर नग्न स्त्री, म्हणजे युद्धानं क्रुसावर चढवलेली संस्कृती. कॅथलिक चर्चनं आक्षेप घेतला आणि ते कधी बसलंच नाही. कमिट्या सगळीकडे सारख्याच.

हवालदार_निवृत्त
सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे.

आम्ही ज्यांच्यासोबत राहिलो, जेवलो, त्यातले काही परत आले नाहीत. त्यांना रडक्या पुतळ्यात बघायची माझी इच्छा नाही. माणूस गेला तो काम करताना गेला. त्याचं काम दाखवा. मेलेलं शरीर आणि रडणाऱ्या बायका बघून गावातल्या पोरांनी भरतीला जायचं का घरी बसायचं?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात वीरता चक्रात ब्राँझची सहा भित्तिशिल्पं आहेत. राम सुतारांनी केलेली, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. लोंगेवाला, तिथवाल, गंगासागर, रेझांग ला, ऑपरेशन मेघदूत, ऑपरेशन ट्रायडंट. तिथे माणसं लढताना दिसतात. मी रेझांग लापुढे बराच वेळ उभा होतो. चीनयुद्ध, १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग. काही महिन्यांनी लोक तिथे पोचले तेव्हा जवान मोर्च्यातच सापडले, गोठलेले, हत्यार हातात. याहून मोठा त्याग कोणता दाखवणार? त्यात कोणी रडत नाही.

कृष्णाकाठ
काका, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवला आहे. कमिटीतही हेच बोललं जातं. पण कॅटलॉगमधला रायफलवाला लढताना नाही हो दिसत, फोटो काढून घेताना दिसतो.

मातीकाम
शिल्पकलेचं शिक्षण घेतलंय, पोटही त्यावरच चालतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

कॅटलॉगचा पुतळा मेलेला का वाटतो? त्याचं वजन कुठेच पडत नाही म्हणून. दोन्ही पायांवर सारखा भार, छाती पुढे, चेहरा सरळ समोर. दमलेला माणूस असा उभा राहतच नाही. तो एका पायावर रेलतो, दुसरा गुडघा सैल पडतो, त्याबरोबर कंबर एका बाजूला उतरते, खांदा उलट्या बाजूला. मातीत काम करताना भाव आधी इथे येतो, चेहऱ्याची पाळी फार नंतर. चौथऱ्यावर दहा फूट उंच ठेवलेल्या पुतळ्याचे डोळे खालून दिसतात कोणाला? खांदे आणि हात मात्र रस्त्यापलीकडूनही दिसतात.

दुसरं म्हणजे सावली. उघड्यावरचं शिल्प उन्हात जगतं. कपड्याच्या घड्या, हेल्मेटच्या कडेखालची जागा, डोळ्याची बाहुली हे खोल कोरलं तर तिथे अंधार धरतो आणि दिवसभर तो हलत राहतो. सकाळचा चेहरा वेगळा, तिन्हीसांजेचा वेगळा. फायबरच्या स्वस्त साच्यात या खोल जागा बुजवून टाकतात, कारण साचा सुटायला सोपा पडतो. वर चकचकीत रंग. मग चेहरा नारळाच्या बर्फीसारखा सपाट.

हवालदार काकांना लंडनचं रॉयल आर्टिलरी मेमोरियल आवडेल असं वाटतं. हाइड पार्क कॉर्नर, १९२५, शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर. हा माणूस स्वतः लढलेला, जखमी झालेला, मिलिटरी क्रॉस मिळालेला. वर पोर्टलंड दगडात कोरलेली अख्खी ९.२ इंची हॉवित्झर तोफ. चार बाजूंना चार ब्राँझ: अधिकारी, तोफगोळे वाहणारा, गाडीवान आणि चौथ्या बाजूला मेलेला तोफची. तो आडवा आहे, अंगावर त्याचाच ग्रेटकोट ओढलेला, छातीवर हेल्मेट ठेवलेलं. चेहरा झाकलेला. फक्त हात आणि नालाचे बूट बाहेर. बुटांचं काम बघावं, टाचा झिजलेल्या वाटतात.

तेव्हा बोंबाबोंब झाली. मेलेला माणूस कशाला दाखवला, भर चौकात तोफ कशाला. पण तोफखान्यातल्या जुन्या लोकांना ते आपलं वाटलं. रडणारं तिथे कोणी नाही काका, आणि शौर्याचा आवही नाही.

हवालदार_निवृत्त
@मातीकाम, फोटो शोधून बघितला. बरोबर केलंय. कोट असाच ओढतात.

पेठेतला
दोन हाइड पार्क झाले. तिसरा कोणाकडे आहे?

वीरगळवेडा
लंडन-सिडनी कशाला, तुमच्याच गावात मारुतीच्या देवळामागे बघा, वीरगळ सापडतील, म्हणजे लढून मेलेल्या वीरांच्या कोरीव शिळा. युद्धस्मारक हा प्रकार आपल्याकडे हजार वर्षं आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली वीर पडलाय किंवा लढतोय, बऱ्याचदा शेजारी गुरं, म्हणजे गाईगुरं सोडवताना गेला. त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. त्यावर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. वर कलश, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. बोरिवलीजवळ एक्सरचे वीरगळ तर नौकायुद्धाचे आहेत, वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं कोरली आहेत. तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात झालेल्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात.

आता गंमत बघा. वीराचा चेहरा कुठेच भावुक नाही. बहुतेक वीरगळांवर नावही नाही. तरी गावानं त्याला शेंदूर लावला, कोणी म्हसोबा केला, कोणी खंडोबा. ब्राँझच्या कुठल्या पुतळ्याला रोज सकाळी पाणी घालायला म्हातारी येते?

मातीकाम
@वीरगळवेडा, शेंदराच्या चार थराखाली शिल्प दिसेनासं होतं, ते सोडून द्या 🙂 पण टप्प्यांचा मुद्दा लाखमोलाचा. पुतळा एकच क्षण दाखवतो. वीरगळ आधी, मग, नंतर असं सांगतो. उठावाच्या कामात, म्हणजे सपाट दगडातून आकृत्या वर उठवतात त्यात, ते जमतं, उभ्या पुतळ्यात जमत नाही.

निशिगंधा_
हा धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या मावशीचे यजमान फौजेत होते. ते गेल्यावर त्यांच्या गावात अर्धपुतळा बसवला. ओळखपत्राच्या फोटोवरून केला होता. उद्घाटनाला पडदा सरकला आणि मावशी माझा हात धरून एवढंच म्हणाली, "हे कोण?" काकांना आयुष्यात कधी मिशी नव्हती. पुतळ्याला पिळदार मिशी. कारागिराला विचारलं तर म्हणाला, फौजी म्हटलं की लोकांना मिशी लागते. नंतर तासून काढली, तर वरच्या ओठावर पांढरा पट्टा राहिला. दर वर्षी हार घालायला मावशीला तिथे बसवतात आणि ती नजर वर करत नाही. लोकांना वाटतं शोकामुळे.

कृष्णाकाठ, चेहरा करणार असाल तर घरच्यांना मातीचा टप्पा दाखवा. नाहीतर चेहरा करूच नका.

चावडीवरचा
मिशीवर विनोद करणार होतो. नाही करत.

राइनकाठी
निशिगंधाताई, तुमच्या मावशीवरून केटे कोल्विट्झ आठवली.

जर्मन चित्रकार-शिल्पकार. धाकटा मुलगा पेटर १८ वर्षांचा, १९१४ साली स्वयंसेवक म्हणून लढाईवर निघाला. वय कमी म्हणून बापाची परवानगी लागत होती. बाप तयार नव्हता, केटेनंच त्याला राजी केलं. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्यासाठी स्मारक करायचं तिनं त्याच वर्षी मनावर घेतलं आणि ते दफनभूमीत उभं राहिलं १९३२ साली. अठरा वर्षं.

सुरुवातीच्या आराखड्यात मुलाचं शरीर होतं, उशाशी बाप, पायथ्याशी आई. पुढे तिनं मुलगाच काढून टाकला. उरले दोघं, गुडघ्यांवर, ग्रॅनाइटमध्ये. बाप ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच कवळून धरलेला. आई पुढे झुकलेली. चेहरे तिचे आणि नवऱ्याचेच. आणि दोघं एका चौथऱ्यावर नाहीत. दोन वेगळे दगड, मध्ये अंतर. एकमेकांकडे बघतही नाहीत. एका घरात राहून दोघं आपापलं दुःख कसं वेगवेगळं करतात, ते त्या अंतरात आहे.

आता ते बेल्जियममध्ये व्लाद्स्लोच्या जर्मन दफनभूमीत आहेत. २५,००० हून अधिक सैनिक तिथे पुरलेत, पेटरही त्यांत. दुसऱ्या महायुद्धात तिचा नातूही गेला, १९४२ मध्ये. त्याचंही नाव पेटर.

बर्लिनच्या नॉये वाखे या स्मारकामध्ये तिचंच दुसरं शिल्प आहे, मेलेल्या मुलाला मांडीत घेतलेली आई. मूळ काम हातभरही नाही, १९९३ मध्ये त्याची वाढवलेली प्रत बसवली. दालन पूर्ण रिकामं आणि छताला बरोबर वर गोल भोक. पाऊस, बर्फ सरळ तिच्या अंगावर.

हवालदार_निवृत्त
परवानगीचं वाचून थांबलो. माझ्या आईनं माझ्या फॉर्मवर अंगठा दिला होता.

अटक_ते_कटक
उंचीबद्दल कोणी बोललंच नाही. रशियातल्या व्होल्गोग्राडची (म्हणजे जुन्या स्टालिनग्राडची) 'मातृभूमी साद घालते' बघा! १९६७, शिल्पकार वुचेतिच, तलवारीसकट ८५ मीटर. स्टालिनग्राडचा त्याग दाखवायला एवढंच पाहिजे. दुःख वगैरे कबूल, पण राष्ट्राचं स्मारक भव्यच हवं.

राइनकाठी
@अटक_ते_कटक, त्याच टेकडीवर पायथ्याकडे 'आईचं दुःख' आहे, पाण्याच्या तळ्याकाठी. मांडीवर मेलेला सैनिक, तोंड निशाणानं झाकलेलं. शिल्पकार तोच. जॅगरनं कोट ओढला, यानं निशाण. चेहरा झाकला की तो कोणाचाही मुलगा होतो, हे दोघांना वेगवेगळं सुचलं असेल. ८५ मीटरवाली थक्क करते. पण तिच्यापुढे आपण मुंगी होतो, मुंगीला कसलं दुःख होणार?

अटक_ते_कटक
मुंगीलाही अभिमान वाटतो साहेब.

पेठेतला
पुण्यात घोरपडीजवळ सदर्न कमांडचं युद्धस्मारक आहे, नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. बाहेर रणगाडा, लढाऊ विमान. पोरं रणगाड्यासोबत फोटो काढतात आणि भेळ खायला जातात. यंत्र ठेवलं की लोक यंत्रच बघतात. (नावांची भिंत मात्र चांगली आहे. चांगलं म्हणायला त्रास होतो, पण आहे.)

सिडनीची_सुमा
भिंतीवरून वॉशिंग्टनचं व्हिएतनाम मेमोरियल. माया लिन तेव्हा २१ वर्षांची विद्यार्थिनी, १,४२१ प्रवेशिकांतून निवडली गेली. १९८२ मध्ये भिंत झाली. काळा ग्रॅनाइट, आणि तो आपल्या बंगळूरकडचा! ५८,००० हून अधिक नावं. पॉलिश असं की नाव वाचताना त्यावर तुमचाच चेहरा दिसतो. पुतळा एकही नाही, म्हणून माजी सैनिकांतल्या बऱ्याच जणांनी संताप केला. मग १९८४ मध्ये फ्रेडरिक हार्टचे तीन सैनिक थोड्या अंतरावर उभे केले. दमलेले, गळ्यात टॉवेल-पट्टे, भिंतीकडे बघणारे. मातीकाम म्हणतात तसे, वजन पडलेले.

मला दोन्ही हवेत असं वाटतं. लोक नावावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि नाव घरी नेतात. पुतळ्याचं काय नेणार?

कृष्णाकाठ
आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण रविवारी बैठक आहे.

धागा वाचून माझ्या मनात एवढं आलंय: उंच चौथरा नको. रायफलवाला नको. कोणा एकाचा चेहराही नको, नाहीतर बाकीच्या घरांनी काय करायचं? काळ्या पाषाणात उठावाचं काम, वीरगळासारखं टप्प्याटप्प्यानं. खाली लढाई (काका, ती असणारच). मध्ये काय ते सुचत नाही, अप्सरा आता चालायच्या नाहीत. आणि बाजूला नावं, पोरांचा हात पोचेल अशी. जमेल का? वर्गणी फायबरच्या हिशेबानं जमली आहे.

मातीकाम
जमेल. ब्राँझचं ओतकाम तुम्हाला परवडायचं नाही, फायबर काही पावसाळ्यांत पोपडे धरेल. काळा पाषाण तुमच्याच भागातला आहे, पाथरवटही आहेत. फक्त त्यांना देवाच्या मूर्तींची सवय, म्हणून आधी मातीत नमुना करून द्यावा लागेल. तो मी करून देतो, मातीचे पैसे द्या, बाकी बघू.

मधल्या टप्प्यासाठी सुचवू? घरचा उंबरा. दारात ट्रंक आणि वळकटी. आत बाई पाठमोरी, चेहरा दाखवायचा नाही. पेटी आत येतेय की बाहेर चाललीय ते सांगायचं नाही. एक अट: दगड दक्षिणेकडे तोंड करून लावा, म्हणजे उन्हाची तिरीप पडेल आणि कोरीव कामात सावली धरेल. उत्तरेला लावलात तर सगळी मेहनत पाण्यात.

निशिगंधा_
पाठमोरी चालेल.

वीरगळवेडा
वर कलश आणि चंद्र-सूर्य ठेवा. त्याबाबतीत मी ऐकणार नाही.

अटक_ते_कटक
निदान तिरंगा तरी उंच लावा.

चावडीवरचा
दक्षिणेला एसटी स्टँडचं स्वच्छतागृह नाही ना, तेवढं बघून घ्या.

कृष्णाकाठ
आहे. पण ते हलवायचा ठराव आधीच झालाय, अंमल व्हायचाय 😐

नावांचा क्रम कसा लावायचा? कमिटीत दोन गट पडलेत. एक म्हणतो हुद्द्याप्रमाणे, सुभेदार वर. दुसरा म्हणतो आडनावाप्रमाणे, म्हणजे भावकीप्रमाणे, म्हणजे भांडण.

सिडनीची_सुमा
माया लिननं तारखेप्रमाणे लावली होती. ज्या दिवशी जे गेले ते शेजारी शेजारी. वर्णक्रमानं लावा म्हणून तिच्यावर दबाव होता, ती हलली नाही.

हवालदार_निवृत्त
तारखेप्रमाणेच. हुद्दा लिहायचा तर नावापुढे बारीक लिहा, क्रम लावू नका. आणि चावडीतल्या पाटीवर नुसते आकडे आहेत ना, त्यांची नावंही शोधा. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, सरपंचाच्या सहीनं. कॉमनवेल्थच्या युद्धकबरींची यादी ऑनलाइन आहे, त्यातही बघा. नावांचं इंग्रजी स्पेलिंग वाट्टेल तसं असतं, गावाचं तर त्याहून. मजकूर मी लिहून देतो, रविवारच्या आधी व्यनि करा.

पेठेतला
आणि 'सौजन्य'?

कृष्णाकाठ
दगडाच्या मागच्या बाजूला. भिंतीला लागून.